आठशे रुपयांचा ताव

मराठीत ताव दोन प्रकारचे. एक मारायचा असतो, श्रीखंडावर किंवा शेजाऱ्यांकडच्या पुरणपोळ्यांवर. दुसरा कागदाचा असतो. पहिल्या तावाच्या बाबतीत माझा हात आजवर कधी आखडला नाही, हे माझ्या कमरेच्या पट्ट्याची भोकं मोजून कोणीही सांगेल. दुसऱ्या तावाने मात्र मला गेली तीन वर्षं छळलं. म्हणजे त्याने स्वतः काही केलं नाही. तो बिचारा आमच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या खालच्या कप्प्यात, उताणा पडून होता. एक नव्हे, असे पाच ताव. किंमत प्रत्येकी रुपये आठशे फक्त. हे 'फक्त' मी चेकवर लिहायच्या सवयीने लिहिलं आहे, त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये.

मी मूळचा बी. कॉम., बँकेतला क्लार्क. रंगांशी माझा संबंध निळं शाईपॅड, लाल शाई आणि ऑडिटरचं हिरवं पेन एवढ्यापुरता. पण चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, चेहरा गंभीर केला आणि 'एखादा छंद लावून घ्या' असं सुचवलं. छंदासाठी औषधासारखं प्रिस्क्रिप्शन मिळत नाही, म्हणून मी तो स्वतःच निवडला. आमच्या कॉलनीत एक निवृत्त ड्रॉइंग टीचर रविवारी सकाळी जलरंगाचा वर्ग घेतात. वर्गात सोळा मुलं आणि मी. मुलं मला काका म्हणत, आणि माझं चित्र बघून झाल्यावर जरा जास्तच आदराने काका म्हणत.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "ब्रश साधा चालेल. रंग मधल्या प्रतीचे चालतील. कागद मात्र चांगला घ्या."

आता 'चांगला' हा शब्द आम्हा मध्यमवर्गीयांच्या घरात फार जपून वापरावा लागतो. चांगले कप पाहुण्यांसाठी असतात. चांगली चादर सणाला निघते. चांगला टॉवेल बाथरूमपर्यंत जातच नाही. तेव्हा चांगला कागद म्हणजे नक्की काय, हे पाहायला मी एका शनिवारी दादरला आर्ट मटेरियलच्या दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, "जलरंगाचा कागद द्या." भाजीवालीसमोर उभं राहून नुसतं 'भाजी द्या' म्हटल्यावर ती जशी बघेल, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"किती जीएसएम?"

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे जीएसएम. बँकेत झेरॉक्सला आम्ही वापरतो तो कागद सत्तर-ऐंशीचा असतो. जलरंगाला तीनशेचा लागतो, कारण पातळ कागदावर पाणी पडलं की तो तळलेल्या पापडासारखा वाकतो आणि सगळा रंग खळग्यांत जाऊन बसतो. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या वेळी मी नुसती मान हलवली. "म्हणजे एकशे चाळीस पौंडी," तो म्हणाला. मी मनातल्या मनात पौंडाचा दर धरून गुणाकार केला आणि दुकानातून बाहेर पडायला वळलोच होतो. मग त्याने समजावलं, की हे पौंड वजनाचे. बावीस बाय तीस इंचांच्या पाचशे तावांचं वजन एकशे चाळीस पौंड भरतं, म्हणून एकेका तावालासुद्धा एकशे चाळीस पौंडी म्हणायचं. आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरांत याहून सरळ काही नसतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

"पोत कुठला? हॉट प्रेस, रफ की नॉट?"

"काय नॉट?"

"नॉट."

गरम रुळांतून काढलेला गुळगुळीत तो हॉट प्रेस. खडबडीत तो रफ. या दोहोंच्या मधला जो, त्याला इंग्रज लोक 'नॉट' म्हणतात, म्हणजे हॉट प्रेस नव्हे तो. जे आहे ते सांगायचं नाही, जे नाही ते सांगून थांबायचं. आपल्याकडे उपनिषदांनी नेति नेति म्हणून ब्रह्माची ओळख करून दिली, साहेबाने तीच युक्ती कागदाला लावली.

मग त्याने तीन प्रती पुढ्यात ठेवल्या. पहिली लाकडाच्या लगद्याच्या कागदाची, वीस पानांचं पॅड तीनशे रुपयांना. दुसरा देशी हातकागद, सुती चिंध्यांचा, चारही कडा फाटल्यासारख्या, ताव शंभरच्या आसपास. आणि तिसरा त्याने असा काढला की सोनार आतल्या खोलीतून डबी आणतो तसा. "आर्चेस," तो म्हणाला. मला एकदम भेटकार्डांचं दुकान आठवलं. पण हा फ्रान्समधल्या आर्श गावचा. तिथली गिरणी १४९२ सालापासूनची आहे. म्हणजे तिकडे कोलंबस हिंदुस्थान शोधायला म्हणून निघून भलतीकडे पोहोचत होता, तेव्हा ही मंडळी एका जागी बसून शांतपणे कागद करत होती.

तो ताव मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला आणि चपापलो. हा स्पर्श ओळखीचा होता. वीस वर्षं कॅशमध्ये काढलेल्या माणसाची बोटं खोटं बोलत नाहीत. हा तर नोटेचा चुलतभाऊ! आपल्या नोटांचा कागदसुद्धा शंभर टक्के कापसाचा असतो. मध्य प्रदेशात नर्मदापुरमला आणि कर्नाटकात म्हैसूरला तो तयार होतो. शिवाय नोट उजेडात धरून जी खूण आम्ही पाहतो, ती पाण्याची खूण इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागदवाल्यांनी तेराव्या शतकात काढली, आणि त्या गावचा कागदही चित्रकार अजून वापरतात. म्हणजे जन्मभर मी सुती कागदच हाताळत आलो होतो, फक्त तो दुसऱ्यांचा होता. आता स्वतःचा एखादा असावा असं वाटलं तर त्यात गैर काय? एकाचे पाच झाले, कारण पाच घेतल्यावर पाच टक्के सूट होती. बी. कॉम. झालेल्या माणसाला सूट दाखवू नये.

घरी आल्यावर सौ.ने किंमत विचारली. आठशेपैकी 'शे' एवढा भाग मी खरा सांगितला. उरलेला तिला पँटच्या खिशातल्या बिलावरून आठ दिवसांनी कळला.

पण या खर्चाचं मी मनाशी समर्थन केलं होतं. एका तावाचे आठ तुकडे होतात, साडेसात बाय अकराचे. म्हणजे शंभराला एक चित्र. दोन्ही बाजू वापरल्या तर पन्नासाला. पॅडवर तेच चित्र पंधरा रुपयांना पडतं. पण पॅडवरची पाचातली चार फुकट जातात, म्हणून खरा हिशेब दर यशस्वी चित्रामागे किती खर्च आला असा धरायला हवा. हा हिशेब मी कागदावर मांडला, एकूण खर्च वर लिहिला, खाली यशस्वी चित्रांची संख्या लिहिली आणि पेन ठेवलं. शून्याने भागता येत नाही, हे वाणिज्य शाखेतसुद्धा शिकवतात.

स्वस्त आणि महाग यांत फरक काय, असं मला पुष्कळ लोक विचारतात, विशेषतः सौ. लाकडाच्या लगद्याचा सगळाच कागद टाकाऊ असतो असं नाही. आम्लविरहित, बऱ्यापैकी मिळतो, आणि रेषा मारून हलके रंग भरायचे असतील तर काम भागतं. गोची होते ती ओल्यावर ओलं करताना. आकाश रंगवायला ब्रश भरून निळा लावावा, तर वरचं टोक वाळतं तेव्हा खालचं अजून ओलंच असतं, आणि मध्ये करवतीसारखी कड उमटते. ती पुसायला जावं तर कागदाचे बारीक गोळे निघतात, स्वेटरला निघतात तसे. सुती कागदाचा स्वभाव सबुरीचा. पाणी तो सावकाश आणि सगळीकडून सारखं पितो. रंग लावा, चुका, ओल्या ब्रशाने उचला, पुन्हा लावा. तो रागावत नाही. थोडक्यात, मध्यमवर्गीय सासऱ्यासारखा. आपला हातकागदही सुतीच, बनियनच्या कारखान्यांतल्या कात्रणांचासुद्धा होतो, मजबुतीला तोड नाही. पण तो घरच्या पोळीसारखा, एक ताव दुसऱ्यासारखा निघेलच असं नाही. आणि चिंध्यांचा कागद करायचा तर चिंध्या शिल्लक राहायला हव्यात. आमच्या घरात धोतराचा पंचा होतो, पंच्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. पोतेऱ्याच्या पुढे कुठलीही गिरणी ते घ्यायला तयार होणार नाही.

खरी ग्यानबाची मेख कागदात नाही, त्याला लावलेल्या खळीत आहे. खळ नसेल तर कुठलाही कागद टिपकागदच. आपल्याकडे जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हातकागद व्हायचा, त्याला पिठाची खळ लावून दगडाने घोटून घोटून तुळतुळीत करत. बोरू त्यावर कसा सरसर चालायचा! युरोपातल्या लोकांनी मात्र खळीला सरस वापरला. हल्ली बऱ्याच कागदांना कृत्रिम खळ असते, पण माझ्या आठशेच्या तावाला जिलेटिन, म्हणजे शुद्ध स्वरूपातला सरसच. ही माहिती मी उत्साहाच्या भरात आईसमोर वाचून दाखवली.

"सरस? कसला?"

"हाडांचा, कातड्याचा."

आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि तो तू शालूच्या खाली ठेवलायस?"

एवढ्यावरच भागलं, कारण ब्रश कोणत्या प्राण्याच्या केसांचा असतो, हा भाग मी वाचून दाखवला नव्हता. आणि त्याला टोक यावं म्हणून मी तो ओठांत धरतो, हा तर नाहीच नाही.

असो. मुद्दा असा, की एवढं सगळं समजून-उमजून घेतलेला हा कागद मी तीन वर्षांत वापरला नाही.

कारण एकच. माझी लायकी नव्हती. हे मी विनयाने म्हणत नाही. माझी चित्रं पाहिलेले लोक विनयाचा आरोप माझ्यावर करणार नाहीत. मी ठरवलं होतं, आधी साध्या पॅडवर हात बसवायचा, पाच चित्रं धड जमली की पहिला ताव काढायचा. हा नियम मला कोणी सांगितला नव्हता, तरी तो माझ्या हाडीमाशी खिळलेला होता, कारण मी तोच रोज काउंटरवर लोकांना सांगतो. कर्ज हवंय? तारण दाखवा. तारण असतं तर कर्ज कशाला मागितलं असतं, असं अर्जदार मनात म्हणतो आणि निघून जातो. मी स्वतःच माझा अर्जदार झालो होतो आणि स्वतःच मॅनेजर. चित्र दाखव, कागद घे. कागद दे, चित्र दाखवतो. फाईल पेंडिंग.

आता याला दुसरी बाजू नाही असं नाही. मोठमोठे लोक वाटेल त्या कागदावर काम करून गेले, असं आपण ऐकतो. पण त्यातही गंमत आहे. इंग्लंडचा तो टर्नर, जलरंगातला बाप माणूस, त्याच्या हाती जेम्स व्हॉटमनच्या गिरणीचा कागद असे, आणि त्या काळी त्याहून चांगला कागद नव्हता. हा गडी त्यावर रंग लावी, पुशी, खरवडी, नखाने ओरबाडी, आणि कागद ते सगळं सोसत असे. (त्या व्हॉटमनचं नाव आज प्रयोगशाळांतल्या फिल्टर पेपरवर असतं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम करावं, तसं.) आपल्याकडच्या सावळाराम हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र घ्या, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधलं. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं आणि तेलरंगातलं समजतात. ते जलरंगात आहे, आणि समोर उभी होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. जलरंगात सोवळे चित्रकार पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. उजेड आपण लावायचा नसतो, तो कागदात आधीपासून असतो. आपण फक्त तो बुजवायचा नसतो. मी हे वाचलं तेव्हा कॅशियर म्हणून मला फार बरं वाटलं. खर्च न करता जे उरतं तेच झळकतं, असा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

पण तो सगळाच कोरा ठेवला तर?

हा प्रश्न मला पडला तो माझ्यामुळे नाही, कन्येमुळे पडला. ती आठवीत आहे, एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायची आहे, आणि चित्रकलेचं जे काही आहे ते माझ्याकडून गेलेलं नाही हे तिचं चित्र पाहून लगेच कळतं. तिच्यासाठी मी काय आणलं? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतली ड्रॉइंगची वही. शिकण्याच्या वयात याहून काय लागतं, असं मी सौ.ला म्हणालो होतो आणि तिने मान डोलावली होती. आमच्या घरात कमी खर्चाच्या ठरावाला नेहमी एकमत मिळतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार. मी आरामखुर्चीत, ती जमिनीवर पाटी मांडून. आकाश करत होती. एक केलं, करवतीसारखी कड आली. दुसरं केलं, डाग पडला. तिसऱ्याला कागदाचे गोळे निघाले. सहावं पान तिने फाडलं, चुरगाळलं आणि ब्रश पाण्यात उभा टाकून म्हणाली, "जाऊ दे. माझा हातच जड आहे."

मी पेपर खाली केला. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. अगदी याच शब्दांत. मी आठवीत असताना आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझी वही वर्गाला उंच धरून दाखवली होती आणि म्हणाले होते, "हात जड आहे याचा. हिशेबाकडे जा." मी आज्ञाधारक मुलगा, गेलो हिशेबाकडे. पुढची तीस वर्षं मी ते वाक्य खरं समजून चाललो. माझ्या त्या वहीचा कागद कसला होता, हा प्रश्न मास्तरांना पडला नाही, मलाही पडला नाही. पडणार कसा? ज्याला येतं त्याला कळतं, की ही कड आपली नव्हे, कागदाची आहे. तो वाईट कागदाची खोड ओळखून काम काढून घेतो. शिकणाऱ्याला ते कळायला मार्गच नसतो. कागद फसला की तो म्हणतो, मी फसलो. म्हणजे चांगल्या कागदाची खरी गरज ज्याला काही येत नाही त्याला, आणि तो मिळतो ज्याला सगळं येतं त्याला. माझ्या मास्तरांना मी दोष देत नाही. त्यांना त्या वेळी कागदच असे मिळत असतील. पण मला तर खळ ठाऊक होती, जीएसएम ठाऊक होतं, आर्शची गिरणी कधी निघाली ते साल पाठ होतं, आणि पाच ताव दहा पावलांवर कपाटात होते.

आणि मी उठलो नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी म्हणालो, "प्रॅक्टिस कर, येईल." आणि पेपर पुन्हा वर केला.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. पैशाचा प्रश्न नव्हता. पैसे तीन वर्षांपूर्वीच गेले होते. कॉस्टिंगमध्ये त्याला बुडीत खर्च म्हणतात आणि पुढचा निर्णय घेताना तो धरू नये असं परीक्षेत लिहून मी पाच मार्क मिळवले होते. मग मी राखत होतो काय? पुष्कळ उलटसुलट तपासल्यावर जे हाती लागलं ते फारसं शोभादायक नाही. तो ताव कोरा होता तोवर मी चित्रकार होतो. कागद चांगला नाही म्हणून चित्र येत नाही, एवढी सबब माझ्याजवळ शिल्लक होती. त्या तावावर एकदा आकाश काढलं आणि तिथेही कड उमटली, की मग मास्तरांचं खरं. आठशे रुपयांत मी कागद घेतलाच नव्हता. मी स्टे ऑर्डर घेतली होती.

हे कळलं म्हणजे माणूस लगेच सुधारतो असं नाही. मधे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी शालू बाजूला केला आणि वरचा ताव काढला. तिला म्हटलं, "चल, सरांकडे जाऊ. आज यावर कर."

सरांनी ताव हातात घेऊन वाहवा केली, चिकटपट्टीने बोर्डावर बसवून दिला. मुलं जमली. तिने मोठा ब्रश भरून घेतला आणि वरून खाली निळ्याचा असा झकास पट्टा ओढला, की माझ्या छातीत धडधडलं. आणि मग त्या निळ्यात ठिपके उमटायला लागले. आधी दोन, मग दहा, मग सगळीकडे, देवी आल्यासारखे, गडद गडद. रंग जागोजागी आत शोषला जात होता. सरांनी चष्मा वर केला, कागदाला नाक लावून वास घेतला.

"खळ गेली," ते म्हणाले. "बुरशी. कुठे ठेवला होता?"

"कपाटात."

"कपाट बाहेरच्या भिंतीला असेल. कधी घेतलेला?"

मी सांगितलं. तीन पावसाळे, ओल येणारी भिंत आणि जिलेटिन, या तिघांचं जमत नाही म्हणे. कोरा असताना बघून काही कळत नाही. रंग लागला की कळतं. सर पुढे काही बोलले नाहीत, सोळा मुलांसमोर बोलणार काय? चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि चिकटपट्टी काढायला लागले.

घरी येऊन मी उरलेल्या चारही तावांच्या कोपऱ्यांवर एकेक ओला ब्रश टेकवून बघितला. बँकेत खोटी नोट शोधतात तसा. भिंतीकडचे दोन गेलेले. आतले दोन शाबूत. तीन हजार आठशेच्या गुंतवणुकीतले हिशेबाने पंधराशे वीस वाचले, बाकीची रक्कम मी मनातल्या मनात राइट ऑफ केली. मोठमोठ्यांची कर्जं सोडून देताना आमची बँक जेवढी शांत असते, तेवढा मी राहू शकलो नाही, पण प्रयत्न केला.

दोन शाबूत तावांतला एक मी जमिनीवर बोर्डावर चिकटवला, अख्खा, न कापता. पाण्याची वाटी ठेवली, रंग ठेवले. "घे," म्हटलं.

ती हात मागे बांधून उभी. "हा आठशेचा?"

"हो."

"बाबा, आधी जुन्या वहीत करून बघते ना. नीट आलं की मग यावर."

स्वर माझा, शब्द माझे, उभं राहायची पद्धतसुद्धा माझी. तेरा वर्षांची पोर, अजून पगाराची स्लिप पाहिलेली नाही, आणि चांगला टॉवेल कपाटात ठेवायला शिकली. हे आम्ही तिला कधी शिकवलं? आम्ही नुसते तिच्यासमोर राहत होतो.

आता समजावत बसायची ही वेळ नव्हती, आणि समजावण्याचा माझा अधिकारही त्या महिन्यापुरता संपला होता. मी ब्रश उचलला, निळ्यात गच्च बुडवला आणि त्या अख्ख्या कोऱ्या तावाच्या बरोबर मध्यावर धरला. थेंब पडला. चांगला रुपयाएवढा.

"बाबा! खराब केलास!"

"झाला खरा. आता?"

ती गुडघ्यांवर बसली. थेंब हळूहळू पसरत होता, चहूकडून सारखा, कुठेही कड न धरता. आर्शवाल्यांचं कौतुकच करावं लागेल. तिने बोर्ड जरा तिरका केला, थेंबाला वाट दिली, मग दुसरा ब्रश घेऊन त्याच्या खाली पाणी ओढलं. "हे ढगाच्या मागचं झालं," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "तू ती बाजू कर. पण हळू. आणि मी सांगेन तिथे थांबायचं." मी ती बाजू केली. तिने सांगितल्यावर मी थांबलो नाही, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात जे आहे तो डोंगर आहे असं आम्ही नंतर ठरवलं.

तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली. तिने जमिनीकडे पाहिलं, माझ्या निळ्या झालेल्या बनियनकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, कप त्या कागदावर ठेवू नका. आठशेचा आहे तो."